कोणत्या पूर्वजांचे पान?

ऋषिपंचमीचे जेवण आमच्या घरातल्या मुलांना कधीच आवडले नाही. आदल्या दिवशीच्या मोदकांची चव जिभेवर रेंगाळत असते आणि अशा वेळी पानात येते ती फोडणीवाचून शिजवलेली, अळू-भेंडी-लाल माठ-सुरण-पडवळ यांची मिसळभाजी. सोबतीला मिळाला तर देवभात, नाहीतर वरीचे तांदूळ. लहानपणी मीही तोंड वाकडे करीत असे. गेल्या वर्षी मात्र एक नवल घडले. आमचे चिरंजीव, जे हैदराबादेस एका संगणक कंपनीत नोकरीस आहेत आणि गणपतीसाठी इंदूरला आले होते, त्यांनी ती भाजी तीनदा मागून घेतली आणि वर आजीला सांगितले, "आजी, हेच रोज करत जा. आपले पूर्वज हेच खात होते."

त्याआधीचे चार दिवस घरात थोडे अवघड गेले होते. चिरंजीवांनी पोळी, भात, वरण, दूध, दही, साखर या सर्वांचा त्याग केला होता. अश्मयुगातील मानव जे खात असे तेवढेच खावे, म्हणजे मांस, मासे, अंडी, कंदमुळे, फळे आणि कठीण कवचाची फळे. शेतीचा शोध लागल्यानंतरचे काहीही पोटात जाऊ देऊ नये, असा तो नेम. त्याचे वजन अकरा किलोंनी उतरले होते व चेहऱ्यावर तेज होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. पण ज्या मुलासाठी आईने पहाटे उठून पुरणाचा घाट घालावा, त्याने तव्यावरची पोळी पाहून हात आखडावा, हे आमच्या सौभाग्यवतींना फार लागले. त्या बोलल्या काहीच नाहीत. डबा भरून शेजारी देऊन आल्या.

आईने नातवाचे म्हणणे ऐकून घेतले. ती ऐंशी ओलांडलेली आहे. वादात पडत नाही. एवढेच म्हणाली, "अरे, बैलाच्या कष्टाचं आज खायचं नसतं. त्याचे उपकार आठवावेत म्हणून हा एक दिवस. रोजच केलंस तर आठवायचं काय?"

तिच्या या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला नाही. कारण माझे मन आधीच डळमळले होते. त्या वर्षीच्या चैत्रात माझ्या रक्तात साखर वाढल्याचे निदान झाले होते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा जो आकडा असतो, तो 8.1 होता. माझे वडील याच विकाराने शेवटची सहा वर्षे पाय जपत जगले. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्या कोट्यवधींत आपलीही भर पडली, हे पचवणे सोपे नसते. समोर बसलेला मुलगा म्हणत होता, "बाबा, तुमचं दुखणं म्हणजे दहा हजार वर्षांची गव्हाची सवय. ती सोडा, साखर आपोआप उतरेल." मी मुलाचे ऐकले. शिक्षकाने विद्यार्थ्याचे ऐकावे, त्यात कमीपणा कसला?

पण शाकाहारी घरात अश्मयुग आणणे हे किती कठीण काम आहे, हे दोन दिवसांतच ध्यानात आले. धान्य गेले, डाळी गेल्या, दूधदुभते गेले. मग उरले काय? बदाम, खोबरे, काकडी, पालेभाज्या. अंडी मी वसतिगृहाच्या दिवसांपासून खात आलो. त्यासाठी मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. आठवड्याभराचे बदाम आणले तेव्हा किराणा दुकानदाराने हसून विचारले, "सर, घरी लग्न आहे का?"

पंधराव्या दिवशी, पितृपक्षाच्या आरंभी, शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी उभा होतो. सकाळी नेमाप्रमाणे साखरेच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि दोन उकडलेली अंडी व काकडी एवढाच आहार केला होता. मुलांच्या रांगा अचानक पाण्यावरच्या सावल्यांसारख्या हलू लागल्या. अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि राष्ट्रगीत सुरू होण्यापूर्वीच मी पायरीवर बसलो. शाळेत मध्याह्न भोजन रांधणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांचा नवरा याच दुखण्याचा. त्यामुळे काय झाले ते त्यांनी ओळखले आणि पेलाभर साखरपाणी मला पाजले. थोड्या वेळाने जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेने बोटाला सुई टोचून पाहिले, तेव्हाही आकडा 62 च होता. बाईंनी मग न विचारता तव्यावरची पहिली पोळी आणि वाटीभर डाळ पुढे ठेवली. मीही न विचारता खाल्ली.

डॉक्टरांनी संध्याकाळी जे सांगितले ते येथे मुद्दाम नोंदवतो. कारण वाचकांपैकी कुणी तरी माझ्याच वाटेने निघालेले असण्याचा संभव आहे. ते म्हणाले, "सर, तुमच्या गोळ्यांपैकी एक गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. तुमच्या रोजच्या पोळ्या गृहीत धरून तिचं माप ठरवलं होतं. पोळ्या काढल्यात आणि आम्हाला कळवलं नाहीत. आहार बदलायचा तर आधी सांगा, आम्ही गोळी कमी करू." दोष आहाराचा नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता, माझ्या उतावीळपणाचा होता.

सक्तीच्या विश्रांतीत मी हा विषय जमेल तेवढा वाचून काढला. अश्मयुगीन आहाराची कल्पना काल-परवाची नव्हे. 1985 साली ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून असे मांडले की, मानवाचे शरीर लक्षावधी वर्षांच्या भटक्या जीवनात घडले. शेती त्या मानाने अगदी अलीकडची. शरीर आणि आहार यांचा मेळ त्यामुळे बिघडला असावा. विचार करायला लावणारे म्हणणे आहे. थोड्या माणसांवर थोड्या काळासाठी झालेल्या प्रयोगांत अशा आहाराने वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब उतरल्याचेही दिसले आहे. त्यात आश्चर्य नाही. साखर, मैदा, तळण आणि बाटलीबंद पेये ताटातून गेली, तर बरे वाटणारच. आमच्या इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी आणि रात्री सराफ्यात गराडू खाणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. गंमत अशी की, गराडू हा कंदच. अश्मयुगीन माणसाला तो नक्की आवडला असता. फक्त तो उकळत्या तेलाच्या कढईपाशी गेला नसता.

पण 'पूर्वज हेच खात होते' यातला 'हेच' कोणता, हा खरा प्रश्न आहे. आमच्या प्रांतात त्या पूर्वजांचे सर्वांत जवळचे स्थान भीमबेटका. 1957 मध्ये उज्जैनच्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांनी ते जगापुढे आणले. 2003 मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. शाळेच्या सहली घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. खडकांवर हरणे, गवे, धनुष्यबाण घेतलेले शिकारी पाहून मुले म्हणतात, "सर, ही माणसं रोज शिकारच खायची?" मी त्यांना विचारतो, तुमच्या घरच्या लग्नाच्या फोटोंत रोजची आमटी दिसते का? चित्र निघते ते पराक्रमाचे; सकाळभर मुळे खणीत बसलेल्या बाईचे चित्र कोण काढणार? आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातील शिकारी-संग्राहक लोकांत 1960 च्या दशकात रिचर्ड ली या अभ्यासकाने मुक्काम केला, तेव्हा त्यांच्या आहाराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वनस्पतींचा, त्यातही मोंगोंगो नावाच्या एका रानफळातील गराचा भरला. उलट उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील लोक मुख्यत्वे मासे व मांस यांवर जगत. जिथे जे मिळाले ते माणसाने खाल्ले. अश्मयुगाचा एक असा शिधा कधी नव्हताच.

धान्याशी आपले नातेही समजतो तितके नवे नाही. युरोपात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले आहेत. जॉर्डनमधील एका प्राचीन चुलीत चौदा हजार वर्षांहून जुने भाकरीचे जळके तुकडे मिळाले. म्हणजे शेतीच्या आधी भाकरी! आपल्या माळव्या-निमाडात, महेश्वरासमोरच्या नावडातोली येथे डॉ. सांकळिया यांच्या चमूने 1957 ते 1959 या काळात उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गहू, मसूर आणि वाटाणे निघाले. आणि शरीर तरी जागच्या जागी कुठे थांबले आहे? मोठेपणी दूध पचवण्याची शक्ती काही मानवसमूहांत आली ती पशुपालन सुरू झाल्यानंतर. पिष्ट पचवणारा लाळेतील रस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या प्रती धान्य-कंद खाणाऱ्या समाजांत सरासरीने अधिक आढळतात, असे 2007 साली दाखवण्यात आले.

उलटपक्षी, ज्या पदार्थांना आपण आज 'आदिम' म्हणून मिरवतो, ते तरी आदिम कुठे आहेत? रानटी बदाम कडू आणि विषारी असतो; गोड बदाम ही शेतकऱ्याची निवड. आमच्या पवित्र ऋषीच्या भाजीत जो लाल भोपळा आणि मक्याचे कणीस पडते, ती दोन्ही अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापूर्वी कोणत्याही भारतीय ऋषीने ती पाहिली नसतील. आणि ते जुने लोक नीरोगी होते म्हणावे, तर 2013 साली चार प्रदेशांतील 137 प्राचीन शवांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश शवांत रक्तवाहिन्या कठीण झाल्याच्या खुणा दिसल्या. त्यांत शिकार करून जगणाऱ्या लोकांची शवेही होती.

मग पूर्वजांकडून घ्यावे तरी काय? मला वाटते, पहिली गोष्ट चालणे. त्यांना अन्नापर्यंत पायांनी जावे लागे. आपल्याकडे अन्न दुचाकीवर बसून येते. दुसरी, विविधता: ऋषीच्या भाजीत दहा-बारा भाज्या पडतात, आपल्या रोजच्या पानात एक बटाटा. तिसरी, गोडाची दुर्मीळता. मधाचे पोळे शोधण्यात त्यांचा दिवस जात असेल. आपण बसल्या जागी चार कप चहा घेतो. धान्य सर्वस्वी सोडण्याचे कारण मला दिसत नाही. कमी करण्याचे मात्र दिसते. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक एकट्या पिष्ट-शर्करेतून येतात. त्यातला काही भाग डाळी, दही, अंडी अशा प्रथिनांना द्यावा, असे तिचे सांगणे आहे. माझ्या ताटात चार पोळ्या आणि पळीभर वरण असे; प्रमाण चुकले होते ते तेथे.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही शोधनिबंधात मला मिळाली नाही. मी 1996 मध्ये झाबुआ जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा तिसऱ्या तासाला मुलांच्या माना खाली पडत. अभ्यासाचा कंटाळा असेल, असे मी समजे; ती भूक होती. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे हळूहळू ती योजना गावोगावी पोहोचली. आज सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला 150 ग्रॅम धान्य आणि 30 ग्रॅम डाळ असा हिशेब आहे. दुपारी रांगेत बसलेल्या त्या मुलांना 'गहू हे विष आहे' असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. शेतीने माणसाला अनेक दुखणी दिली असतील. पण इतक्या मुखांत रोज घास घालण्याचे सामर्थ्यही तिनेच दिले. ज्या पेल्याने आणि ज्या पोळीने त्या सकाळी मला सावरले, ती त्याच चुलीवरची होती.

वडिलांचे श्राद्ध दशमीला असते. माझे वृत्त कळून चिरंजीव रात्रीच्या गाडीने आले होते. पाने मांडली गेली: भात, वरण, खीर, वडे, आमसुलाची चटणी. आणि भाताचे पिंड. मुलगा बराच वेळ त्या पिंडांकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, आजोबांना आपण भातच देतो, नाही?" मी म्हटले, "ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, त्या सगळ्या पूर्वजांना." पंगतीत त्याने प्रसादापुरता एक मूद भात मागितला. वाढताना सौभाग्यवतींचा हात किंचित थांबला, आणि मग मूद नेहमीपेक्षा मोठी पडली. त्यानेही ती टाकली नाही.

आता माझ्या ताटात दीड पोळी, दोन वाट्या डाळ आणि अर्धे ताट भाजी असते. शाळेत जाताना चाळीस मिनिटे पायी जातो. गोळ्यांचे माप डॉक्टरांनी बदलले, आणि आकडा 6.8 वर आला आहे. चिरंजीवांचा नेम सैल झाला आहे, पण मोडलेला नाही. तो हैदराबादेस डाळ आणि दही खाऊ लागला, एवढी बातमी त्याच्या आईला पुरते.

आईने परसातल्या अळूला परवाच शेणखत घातले. ऋषिपंचमीला पाने मोठी हवीत, म्हणाली.