दिल्लीचा नाताळ, मिलानची चव

डिसेंबरची थंडी वाढली, की दिल्लीकरांची पावले कॅनॉट प्लेसमधील 'वेंगर्स'कडे वळतात. 1926 पासूनच्या या बेकरीत प्लम केकसाठी झुंबड उडते. गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये तर नाताळाला सर्व धर्मांचे लोक येतात.

प्लम केक हा इंग्रजी वळणाचा. इटलीतील मिलानला मात्र बेदाणे घातलेला उंच, हलका 'पानेत्तोने' हवाच!

याच इटलीची चव रितू दालमिया यांनी दिल्लीत आणली. 1993 मध्ये हौजखासला काढलेले त्यांचे पहिले रेस्टॉरंट फार चालले नाही. पण त्या खचल्या नाहीत. 2000 मध्ये ग्रेटर कैलाशला 'दिवा' सुरू झाले, आणि 2017 मध्ये थेट मिलानमध्येच भारतीय चवीचे 'चित्तामणी'!

शेजाऱ्याकडे गेलेले फराळाचे ताट रिकामे परतत नाही, तसेच हे!