रस्त्याचा खांदा

माणसाप्रमाणे रस्त्यालाही खांदा असतो, हे मला इंग्लंडातील मोटारमार्गांनी शिकविले. वाहनांच्या धावत्या पट्ट्यांच्या डावीकडे आणखी एक पट्टी मोकळी ठेवलेली असते; तिला तिकडे ‘हार्ड शोल्डर’ म्हणतात. एखाद्याचे चाक फुटले, इंजिनाने मान टाकली, की त्याने तेथे टेकावे. भरधाव जगाने अडलेल्यासाठी राखलेली ती ओसरीच म्हणा ना!

परंतु ओसरी रिकामी दिसली की घरच्यांच्या डोळ्यांत ती खुपू लागते. बर्मिंगहॅमजवळील एम-४२ या मार्गाच्या सुमारे १७ किलोमीटरांच्या टापूत २००६ साली गर्दीच्या वेळी ही पट्टीही वाहतुकीला खुली करण्याचा प्रयोग सुरू झाला. कॅमेऱ्यांतून ती मोकळी असल्याची खात्री करून घ्यावयाची, मग डोक्यावरील फलकांवर वेगाचा आकडा उजळावयाचा. एरवी ताशी ७० मैलांची मुभा; ही पट्टी उघडली की सर्वांनाच ५०. जागा वाढवावयाची आणि वेग कमी करावयाचा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण गर्दीत सारी वाहने एका वेगाने चालली, म्हणजे पट्ट्या बदलण्याची घालमेल थांबते आणि पुढच्या एकाने ब्रेक दाबल्यामुळे मागे दूरवर कोंडी होण्याचे प्रसंग कमी होतात. शिवाय अडलेल्याची हक्काची जागा गेलेली! त्याला सुमारे ५००-५०० मीटरांवर बांधलेल्या कोनाड्यांपैकी एखादा धापा टाकीत गाठावा लागणार. तो न गाठला, तर मागून येणाऱ्याला वेळेवर थांबता आले पाहिजे.

माझ्या मते ५० हा आकडा म्हणजे त्या उसन्या जागेचे भाडे होते. २००८ साली तो ६० करण्यात आला. दहा मैलांत काय मोठेसे? ब्रिटिश हायवे कोडप्रमाणे ५० च्या वेगात अडथळा पाहून थांबेपर्यंत मोटार ५३ मीटर जाते. ६० च्या वेगात ७३. माझी हयात शेक्सपिअर शिकविण्यात गेली, तरी एवढा हिशेब मलाही जमतो. त्या टापूत या वाढीने वाचतात जेमतेम दोन मिनिटे, आणि त्यांपायी बंद पडलेल्या मोटारीतील कुटुंबाचे २० मीटर जातात. कामावर निघालेल्या हजारोंची दोन-दोन मिनिटे एकत्र केली तर मोठी रास होते, हे मला मान्य आहे. पण ती रास कोणा एकाच्या पदरात कधीच पडत नाही. ते २० मीटर मात्र एकाच्याच वाट्याचे असतात.

घटकेत ओसरी, घटकेत रस्ता या धरसोडीने चालक गोंधळतात, हे तेथील सरकारने २०२० साली मान्य केले. उपाय मात्र असा ठरविला, की ही पट्टी कायमचीच वाहतुकीला देऊन टाकावी! पुढे २०२३ साली, खर्चामुळे आणि लोकांचा विश्वास उडाल्यामुळे, अशा नव्या मार्गांचे बेत रद्द झाले. अन्य मार्गांवर पूर्वीच वाहतुकीला दिलेल्या पट्ट्या मात्र तिच्याकडेच राहिल्या. तेथे अडलेल्यांसाठी आणखी काही कोनाडे बांधावयाचे ठरले.