प्रयोगशाळेचा उंबरठा

आमच्या निवासी शाळेत पाथर्डी, जामखेड, कर्जत या दुष्काळी तालुक्यांतून मुले येतात. बारावी झाली की घरून एकच विचारणा होते : नोकरी कधी लागणार? ऊसतोडीच्या फडात देह झिजवलेल्या आईबापांची ही विचारणा रास्तच आहे. त्यामुळे आमच्या एका माजी विद्यार्थिनीने नगरला बी.एस्सी. करून पुण्याला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रवेश घेतला आणि पुढे संशोधनच करणार म्हणाली, तेव्हा घरात चिंता पसरली. दोन वर्षे एम.एस्सी., मग नेट, त्यानंतर पाच वर्षे पीएच.डी.; आणि तोवर पोलीस भरतीचे वय निघून जायचे.

आम्ही काही शिक्षक तिच्या विभागात गेलो होतो. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून ती फळमाश्यांचे खाद्य करीत होती. तिने माशीच्या अळीची लाळग्रंथी काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रे स्पष्ट दिसत होती. आनुवंशिकता म्हणून जिच्याविषयी आम्ही केवळ वाचले होते, ती डोळ्यांसमोर होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. याच माशीवर थॉमस हंट मॉर्गन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रयोग केले. त्यांचा व सहकाऱ्यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. जातीचे मर्म रक्तात नसून जातीतच लग्न करण्याच्या रूढीत आहे, हे त्यांनी तेथे मांडले. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची कोष्टके तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा निष्कर्ष काढला. ज्या मापांनी माणसांची प्रतवारी लावली जात होती, तीच मापे त्यांनी प्रतवारीविरुद्ध साक्षीला उभी केली.

पुण्याच्या इरावती कर्वे यांचेही उदाहरण बोलके आहे. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत सापडेल, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा भेद आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातील एका विद्यार्थिनीने गुरूच्या मताहून मोजमाप मोठे मानले.

म्हणून आम्हाला वाटते की, नोकरी हवीच; पण आपल्या मुलांनी प्रयोगशाळेकडे पाठ फिरवू नये. शतकानुशतके आपल्या रक्ताविषयी इतरांनीच सांगितले आणि आपण ऐकले. आता सूक्ष्मदर्शकामागे आपला डोळा असला पाहिजे. काय मोजायचे आणि कशासाठी, हे ठरविणाऱ्यांत आपलीही लेक असली पाहिजे. अधिछात्रवृत्त्या आहेत, त्या मिळेपर्यंत तग धरता यावा, एवढा आधार समाजाने आणि माजी विद्यार्थ्यांनी द्यावा. चिकित्सेवाचून काहीही स्वीकारू नका, ही तथागतांची शिकवण आम्ही रोज वंदनेनंतर मुलांना सांगतो. ती आचरणात आणण्याची जागा विहाराइतकीच प्रयोगशाळाही आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!