प्रवासाआधीचा जमाखर्च

वाशीच्या मसाला बाजारात घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात दिवाळीनंतर एक अनपेक्षित विषय निघाला. सनदी लेखापाल झालेली थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, आम्हा चौघांना मांडव्याहून मुरूडपर्यंत कयाकने जायचे आहे. चार दिवस. रात्री किनाऱ्यावर तंबूत मुक्काम."

कयाक म्हणजे एका-दोघांची, वल्ह्याने चालणारी अरुंद होडी. वडिलांनी हातातली वही मिटली आणि उत्तर दिले नाही. त्या घरात पाण्याचा विषय सहसा निघत नसे. वडिलांचा धाकटा भाऊ अकराव्या वर्षी गावच्या विहिरीत बुडाला होता. पुढे कुटुंब नेरूळला खाडीच्या काठी राहायला आले, तरी मुलांना पोहायला कोणी पाठविले नाही. मुलीने नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने पोहणे शिकून घेतले, आणि ते घरी सांगायला तिला दोन वर्षे लागली.

तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "माल उचलण्याआधी आपण जोखीम लिहून काढतो. तूही लिहून आण. मग बोलू."

तिने लिहून आणले. पहिला आराखडा बेलापूरहून निघण्याचा होता. घराजवळून निघावे, ही हौस. परंतु ओहोटीला पनवेलच्या खाडीत चिखल उघडा पडतो, आणि पुढे न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांची वाट आहे. एवढ्या मोठ्या जहाजावरून पाण्यालगतची कयाक दिसणे कठीण, आणि दिसली तरी जहाज जागच्या जागी थांबत नाही. तेव्हा हौसेवर काट मारून आरंभ मांडव्याहून ठरला.

मांडवा ते मुरूड हे सागरी अंतर सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. नवशिक्यांची कयाक तासाला चार-पाच किलोमीटर चालते. म्हणजे रोज चार तासांहून अधिक वल्हवायचे नाही. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून मंद वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो, पण लाटाही उठवतो. म्हणून दुपारी बाराच्या आत होड्या वाळूवर आल्याच पाहिजेत. सकाळचा वारा होडीला समुद्रात लोटू शकतो, म्हणून किनारा सोडायचा नाही.

भरती-ओहोटीच्या पानाशी वडील थांबले. तेथे पंचांग होते. किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा हिशेब करीत आली आहेत: तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही सौम्य. मुलीने सप्तमी ते दशमी हे चार दिवस धरले होते. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशी कधी चुकली नाही, त्या घराला त्याच तिथी समुद्राचेही वेळापत्रक सांगतात हे ठाऊक नव्हते. तंबू मात्र संध्याकाळच्या भरतीची रेघ पाहून, तिच्या बऱ्याच वर, सुरूच्या झाडांजवळ ठोकायचे होते.

शिधा ठरविणे सोपे गेले. दुपारीच मुक्कामाला पोहोचायचे असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण आपोआप साधत होते. खाखरा, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट. कंदमुळांचा प्रश्नच नाही. पाणी माणशी रोज पाच लिटर, उकळलेले, दर मुक्कामी नव्याने भरायचे.

परवानगीचे पान वडिलांनी दोनदा वाचले. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून अनोळखी होडी किनाऱ्याला लागली की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारणा, प्रत्येक मुक्कामाच्या पोलीस ठाण्यात आधी नावे व तारखा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला बांधलेला.

हा किनारा इतिहासाने भरलेला आहे. थळसमोर समुद्रात खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ते बेट बांधायला घेतले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे आडवी घातली; तरीही मराठ्यांच्या उथळ बुडाच्या लहान होड्या रात्री वल्हवत रसद पोहोचवीत राहिल्या. २०२५ मध्ये खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांचे ठाणे. मग चौल-रेवदंडा, जिथे प्राचीन काळी पश्चिमेची जहाजे येत, आणि शेवटी मुरूडसमोर जंजिरा. व्यापाऱ्याला समुद्र परका नव्हता. श्रीपाळ राजाच्या कथेत धवलशेठची गलबते आहेतच. किनाऱ्याची भीती ही अलीकडची, आणि या घरात तर एका विहिरीपुरती.

वहीत खांदेरीपुढे मात्र तांबडी काट होती. वडिलांनी विचारले, "हे का खोडलेस? सगळ्यांत पाहण्यासारखे तर तेच दिसते."

"किनारा सोडून उघड्या समुद्रात जावे लागते, बाबा. सोबतीला यांत्रिक होडी नसेल तर आमच्या चौघांच्या आवाक्याबाहेर आहे. थळच्या वाळूवरून पाहू. पुढे कधी जमले तर जाऊ."

वडील बराच वेळ त्या काटेकडे पाहत राहिले. आपल्याकडे श्रावकाला दिग्व्रत सांगितले आहे: कोणत्या दिशेला किती जायचे, ते निघण्यापूर्वीच ठरवावे. लहान भावाला विहिरीच्या काठावर कोणी मर्यादा सांगितली नव्हती, आणि त्याला पोहणेही शिकविले नव्हते. पुढची पन्नास वर्षे घराने मर्यादा तेवढी पाळली. शिकविणे राहूनच गेले.

ते म्हणाले, "रस्ता किनाऱ्याकाठानेच जातो ना? मी गाडी घेऊन दर मुक्कामी येईन. कोरडे कपडे, पाणी माझ्याकडे. आणि कोणाही एकाला नको वाटले, तर त्या दिवशी सगळ्यांनी गाडीत बसायचे. कबूल?"

"कबूल, बाबा."

आतून आजी आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी घेतले नाही. "सप्तमीला निघता ना? मग पंचमीला खाखरे करायला घेते," एवढेच म्हणाल्या आणि डब्यांची संख्या विचारू लागल्या.

रात्री दुकानाची वही मिटताना वडिलांनी मुलीला हाक मारली. "तू जिथे शिकलीस, त्या तलावावर साठी उलटलेल्या माणसाला पोहायला शिकवतात का गं?"