वास्तूचा साक्षीदार

घर एका जागी उभे असते. ते पाहावयाचे असेल, तर पाहणाऱ्यानेच त्याच्या दारी गेले पाहिजे. परंतु जगातील नामांकित वास्तू पाहण्यासाठी दूरदेशी जाणे किती जणांना साधते? बहुतेकांना त्यांचे दर्शन घडते ते कागदावर, छायाचित्रांतून. घर उभारणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाचे नाव लोकांच्या ओठी राहते. पण ज्याच्या डोळ्यांनी आपण ते घर पाहिले, त्या छायाचित्रकाराची आठवण क्वचितच कोणी काढतो. वस्तुतः इमारतींची छायाचित्रे काढणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि त्याला कौशल्याइतकीच सचोटीही लागते. ज्यूलियस शूलमन ह्या अमेरिकन छायाचित्रकाराच्या जीवनात ह्याचे चांगले प्रत्यंतर येते.

शूलमनचा जन्म १९१० साली झाला. त्याच्या बालपणाची काही वर्षे एका शेतावर गेली. निसर्गाची गोडी त्याला तेथेच लागली. पुढे त्याचे कुटुंब लॉस एंजेलिस शहरी येऊन राहिले. विद्यापीठात सात वर्षे काढूनही शूलमनने पदवी अशी घेतलीच नाही. छायाचित्रे काढणे हा त्याचा केवळ छंद होता. १९३६ साली एका ओळखीच्या माणसाबरोबर तो एक नवे घर पाहावयास गेला. ते घर रिचर्ड न्यूट्रा ह्या वास्तुशिल्पज्ञाने बांधले होते. शूलमनजवळ खिशात मावेल असा लहानसा कॅमेरा होता. त्याने सहज सहा छायाचित्रे काढली. ती न्यूट्राच्या दृष्टीस पडली. न्यूट्राने ती विकत घेतली आणि आपल्या इतर घरांची छायाचित्रे काढण्याचे कामही त्याला दिले. अशा रीतीने छंदाचा व्यवसाय झाला.

ह्या व्यवसायात माणसाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. एक धनी मोबदला देणारा वास्तुशिल्पज्ञ. आपली कृती सुंदर दिसावी, असे त्याला वाटते. दुसरा धनी सूर्य. तो कोणाच्याही सांगण्याने थांबत नाही. सकाळी जी भिंत उजळलेली दिसते, तीच दुपारनंतर सावलीत बुडून जाते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार कॅमेरा उघडण्यापूर्वी घराभोवती फिरून कोठे कोणत्या वेळी ऊन येईल, ह्याचा अंदाज घेतो. कॅमेरा वर कलला, तर सरळ भिंतीही वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. त्यासाठी तो समपातळीत ठेवावा लागतो.

परंतु ह्या दोन धन्यांचे एकमेकांशी न जुळले, तर कोणाचे ऐकावे? १९४७ साली शूलमनपुढे असाच प्रसंग आला. पाम स्प्रिंग्ज ह्या वाळवंटातील गावी न्यूट्राने कॉफमन नावाच्या धनिक व्यापाऱ्यासाठी एक घर बांधले होते. काचेच्या विस्तीर्ण भिंती, पुढे पोहण्याचा तलाव आणि मागे डोंगरांची रांग, असे त्याचे रूप होते. एके दिवशी सायंकाळी घराच्या आतील छायाचित्रे काढण्याचे काम चालले होते. शूलमनचे लक्ष बाहेर गेले. सूर्य मावळला होता आणि डोंगरांवर संधिप्रकाश पसरला होता. न्यूट्राची इच्छा आतले काम पुरे करावे, अशी होती. पण तो प्रकाश दुसऱ्यांदा मिळणारा नव्हता. शूलमनने कॅमेरा उचलला आणि तो बाहेर धावला.

बाहेरचे काम सोपे नव्हते. आकाशाचा प्रकाश, घरातील दिव्यांचा प्रकाश आणि तलावातील दिव्यांचा झगझगाट, ह्या तिन्हींचा मेळ एकाच चित्रात साधावयाचा होता. तिकाटण्यावरचा कॅमेरा केसभरही न हलविता त्याने भिंगाचे तोंड पुनःपुन्हा उघडले आणि मिटले. मधल्या वेळात तो धावत घरात जाई, दिवे लावी, मालवी आणि पुन्हा कॅमेऱ्याजवळ येई. तलावातील दिव्यांचा झोत अडविण्यासाठी श्रीमती कॉफमन तलावाच्या काठी आडव्या होऊन राहिल्या. सुमारे ४५ मिनिटांनी ते एक चित्र पुरे झाले. पुढे ते जगभर गाजले, आणि त्याबरोबर न्यूट्राचे घरही. धन्याची आज्ञा क्षणभर बाजूस सारून शूलमनने धन्याचेच काम उत्तम केले होते.

शूलमनवर एक आक्षेप मात्र घेता येईल. एखाद्या नव्या घराभोवती बाग वाढलेली नसली, की तो तोडलेल्या फांद्या कॅमेऱ्यापुढे धरवी. चित्रात झाडी दिसे. प्रत्यक्षात ती नसे. ह्याला सत्य म्हणावे काय? प्रश्न योग्य आहे. जे चित्र पाहून लोक घराविषयी मत बनवितात, त्यात नसलेले झाड दाखविणे सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. तथापि शूलमनने केवळ अशी नटविलेली चित्रेच काढली नाहीत. घराच्या निरनिराळ्या भागांची साधी चित्रेही त्याने काढली. त्यांतील पुष्कळशी कधी छापलीही गेली नाहीत.

काळ पुढे गेला. १९५५ साली कॉफमन वारला. घर एका हातातून दुसऱ्या हातात गेले. नव्या मालकांनी आपापल्या सोयीने त्यात फेरफार केले. मोकळा ओटा भिंतींनी बंद झाला. छपरावर हवा थंड करणारी यंत्रे चढली. १९७० साली न्यूट्राही निवर्तला. मूळचे घर जणू नव्या घराच्या पोटात हरवून गेले.

१९९० नंतरच्या दशकात एका दांपत्याने ते विकत घेतले आणि त्याला पूर्वरूप देण्याचे ठरविले. पण पूर्वरूप कसे होते, हे सांगणार कोण? ज्यांनी ते बांधले व बांधविले, ते दोघेही हयात नव्हते. ऐंशी वर्षांहून अधिक वयाचा शूलमन मात्र होता, आणि त्याने आपल्या फिल्मा जपून ठेवल्या होत्या. त्यांत १९४७ सालची, घराच्या आतील, कधीच न छापलेली छायाचित्रे निघाली. ती जुन्या कागदपत्रांच्या जोडीने नव्या वास्तुशिल्पज्ञांच्या कामी आली, आणि ते घर पुन्हा आपल्या मूळ रूपात उभे राहिले.

२००५ साली शूलमनचा अडीच लाखांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह लॉस एंजेलिस येथील गेटी संशोधन संस्थेकडे गेला. २००९ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याला कीर्ती मिळाली ती त्या सायंकाळच्या चित्राने. घर सावरण्यास हातभार लागला तो मात्र त्याच्या अप्रसिद्ध चित्रांचा. ती काढताना त्याला तरी त्यांचा हा उपयोग कोठे ठाऊक होता? त्या वेळी त्याच्यापुढे होते ते केवळ अंगावर घेतलेले काम, आणि ते त्याने मन लावून केले.