चालू ठेवण्याची विद्या

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या बक्षिसाच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं असावं, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, हे तर होतंच. पुढची अट अशी होती, की वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान वीस वर्षं न थांबता चाललं पाहिजे आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरीही यंत्र घडवणाऱ्याच्या परीक्षेतच ते चालू ठेवण्याचा प्रश्न घातला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या अभियांत्रिकी आणि संगणक महाविद्यालयांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी चालला की पुरे. ब्लॅक बुक बांधून जमा झालं की तो प्रोजेक्ट पुन्हा कुणी उघडून बघत नाही. हॅकाथॉनमध्ये केलेल्या कामाचं आयुष्य तर एक-दोन दिवसांचंच असतं. चार वर्षांत मुलं बरंच काही बनवतात, पण आपण बनवलेल्या वस्तूवर दुसरं कुणी रोज विसंबून आहे, हा अनुभव बहुतेकांना पदवी हातात पडेपर्यंत येत नाही. विद्यार्थ्यांच्या गटाने स्वयंसेवेतून चालवलेली छोटी पण खरी संगणकसेवा हा अनुभव देऊ शकते, आणि वर्ध्याच्या परिसरातल्या महाविद्यालयांनी ती मुद्दाम सुरू करून द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

वर्धा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर शहरापेक्षा त्याला चिकटून वाढलेली मेघे गावं आहेत: पिपरी, बोरगाव, सिंदी, सावंगी. पिपरी मेघे जनगणनेच्या हिशेबात नगर आहे आणि कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायत. सावंगीचं अभिमत वैद्यकीय विद्यापीठ, सेवाग्रामचं १९८७ पासूनचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शहरातली महाविद्यालयं, सगळी इथून रोज ये-जा करण्याच्या अंतरावर आहेत. म्हणजे संगणक शिकणारी मुलं इथे आहेत आणि संगणकाची गरज असलेली माणसंही इथेच आहेत. या दोघांची गाठ मात्र पडत नाही. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागतो तेव्हा कुठे त्याला पहिल्यांदा कळतं, की डिस्क भरते, प्रमाणपत्राची मुदत संपते, रात्री घेतलेला बॅकअप सकाळी उघडत नाही. हे सगळं वर्गात सांगून समजत नाही. उद्या पेपर आहे, शंभर मुलांना आज रात्री जुने प्रश्नसंच हवे आहेत आणि सर्व्हर बंद पडला आहे, अशा वेळी तो शोधून, समजून दुरुस्त करणाऱ्याच्या अंगी जे येतं ते कुठल्याही प्रॅक्टिकलच्या वहीत मावत नाही.

असे गट जगभर आहेत आणि त्यांचा इतिहास लहानसहान नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६९ साली स्थापन झालेला सिप्ब हा विद्यार्थ्यांचा संगणक गट १९९३ साली त्या संस्थेतला पहिला वेब सर्व्हर चालवत होता. संस्थेच्या नावाचा पत्ता तेव्हा या मुलांच्या यंत्राकडे जात असे. स्वीडनमध्ये लिंशॉपिंग विद्यापीठातला लिसाटोर हा क्लब १९७३ चा. त्याच्या आश्रयाने १९९२ साली रुनेबर्ग प्रकल्प सुरू झाला. स्कँडिनेव्हियातली जुनी पुस्तकं स्वयंसेवकांनी स्कॅन करून सर्वांना मोफत वाचायला ठेवायची, हे त्याचं काम, आणि ते तीन दशकांनंतरही चालू आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी इन्स्टिअ‍ॅप बनवलं. मेसमध्ये आज काय आहे, कार्यक्रम कुठे आहे, तक्रार कुठे नोंदवायची, हे सांगणारं ते अ‍ॅप. त्याचा कोड खुला आहे आणि पुढच्या तुकड्या तो सांभाळतात. पुण्याच्या सीओईपीत मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्यांचा आहे. सांगलीचं उदाहरण मला विशेष वाटतं. मोठ्या शहराच्या बाहेर, जिल्ह्याच्या ठिकाणीही मुलं एकत्र येऊन ज्युनिअरना शिकवण्याची परंपरा टिकवू शकतात, हे त्यातून दिसतं.

टिकण्याबद्दलच पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. त्याच्या भरवशावर सेवा कशी चालवायची? आक्षेप खरा आहे आणि त्याचा पुरावाही आहे. चित्रांवर काम करण्याचं गिम्प हे सॉफ्टवेअर बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली लिहायला घेतलं. १९९७ साली दोघं पदवी घेऊन नोकरीला लागले आणि प्रकल्प निर्नायकी झाला. काही काळ तो रेंगाळला. पण कोड खुला होता, वापरणारे होते, त्यांतल्याच काहींनी तो उचलला आणि १९९८ साली त्याची १.० आवृत्ती बाहेर पडली. यातून मी दोन गोष्टी घेतो. माणसं जाणार हे गृहीतच धरायला हवं. आणि जाणाऱ्याच्या डोक्यातलं ज्ञान आधीच कागदावर आणि दुसऱ्याच्या हातात गेलेलं असलं तरच काम वाचतं. म्हणून अशा गटात फायनल इयरच्या मुलाने कीबोर्डला हातच लावू नये; दुसऱ्या वर्षाच्या मुलीने काम करावं आणि त्याने शेजारी बसून बघावं. काय बिघडलं, काय केलं, हे त्याच दिवशी साध्या मराठीत वहीत लिहिलं जावं. पासवर्ड कधीही एकट्याकडे नसावा. हे सगळे नियम कंटाळवाणे आहेत आणि हुशार मुलांना त्यांचा विशेष राग येतो, कारण हुशार मुलाला आपल्यावाचून अडतं हे आवडतं. म्हणूनच ते नियम लवकर शिकवले पाहिजेत. दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलणारी संस्था हस्तांतराची शिस्त जितकी शिकवेल तितकी ती कंपनीतही शिकायला मिळत नाही. तिथे एकच माणूस दहा वर्षं एका खुर्चीवर राहू शकतो आणि त्याच्या राजीनाम्यापर्यंत कुणाला काही जाणवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं मोठ्या कंपन्या मोफत देतात, मग मुलांनी कशाला खटाटोप करावा. गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देत असे. २०२१ साली कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून मुळात १०० टेराबाइटची मर्यादा आली. कंपनीला तो अधिकार होताच, मी तिला दोष देत नाही. पण ज्या महाविद्यालयात एकालाही स्वतःचा सर्व्हर चालवता येत नाही त्याला अशा वेळी मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नाही. कंपन्यांच्या सेवा खुशाल वापराव्यात; निदान एखादी गोष्ट स्वतः चालवता येत असेल तर बाकीच्यांबद्दल अटी समजून घेऊन बोलता येतं.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र इतक्या सहज सुटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, गुण, जातीचे दाखले किंवा सावंगीच्या रुग्णालयातल्या रुग्णांची माहिती विशीतल्या स्वयंसेवकांच्या हाती देणं हा बेजबाबदारपणा ठरेल, आणि तो कुणी सुचवू नये. स्वयंसेवेला स्वतःचे धोकेही आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल आवळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती जगभरच्या लिनक्स संगणकांत पोचण्याच्या बेतात होती. एकटा, थकलेला स्वयंसेवक ते सांभाळत होता, आणि मदतीच्या नावाखाली कुणीतरी दोन-अडीच वर्षं त्याचा विश्वास मिळवला होता. मी या घटनेचा अर्थ स्वयंसेवा धोक्याची असा लावत नाही. एकट्यावर टाकलेला भार धोक्याचा आहे, आणि गट असण्याचं कारणच ते. तरीही सीमा आखावी लागेल: जी माहिती उद्या सगळ्या गावाने पाहिली तरी कुणाचं नुकसान होणार नाही, तीच या सर्व्हरवर ठेवायची. ही सीमा सुरुवातीला अरुंद वाटते, पण तिच्या आत पुष्कळ काम आहे.

नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आज झेरॉक्सच्या दुकानांत आणि कुणाकुणाच्या फोनमध्ये विखुरलेल्या असतात. त्या विषयवार, वर्षवार एका जागी लावणं हेच एका तुकडीला पुरेल. मराठी विकिपीडिया किविक्सच्या मदतीने इंटरनेटशिवाय वाचता येतो; त्याची प्रत लॅबच्या सर्व्हरवर ठेवली तर केबल तुटलेल्या दिवशीही वाचन थांबत नाही. आणि सर्वांत निकडीचं काम जुन्या संगणकांचं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षादुरुस्ती थांबवली. असंख्य धडधाकट यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात जाण्याआधी त्यांवर लिनक्स आणि मराठी टंकलेखन बसवून पिपरी मेघेच्या एखाद्या वाचनालयात किंवा शाळेत द्यावीत आणि पुढे वर्षभर ती चालू ठेवावीत. देणं एका दुपारचं काम आहे. कळफलक बदलल्यावर मास्तरांचा फोन येतो, प्रिंटर ऐकत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, लाइट जाते, यूपीएस दगा देतो. हे वर्षभर निभावणं हाच खरा अभ्यासक्रम. दोन तास सेवा बंद राहिली तर चालेल, पण ती का बंद होती हे दारावर लिहून लावलं पाहिजे.

आता उरतो फुकटच्या राबवणुकीचा आक्षेप, आणि तो वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समिती आणि नई तालीम पुढे आली. उत्पादक कामातून शिक्षण हा विचार बहुतेकांना पटला. पण मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च काढण्याला अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. माझ्या मते शहांची शंका रास्त होती आणि आजही तिचा धाक हवा. महाविद्यालयाचं संकेतस्थळ, प्रवेशाचा फॉर्म, प्राचार्यांच्या केबिनमधला प्रिंटर, ही कामं पगारी माणसांची आहेत. पैसे वाचवण्यासाठी ती विद्यार्थ्यांच्या गटाकडे सरकवली तर तिथे शिक्षण उरत नाही, बिनपगारी नोकरी उरते. फरक ओळखायची सोपी खूण आहे: काय चालवायचं आणि काय बंद करायचं हे गट स्वतः ठरवू शकतो का? ठरवू शकत नसेल तर त्याला स्वयंसेवा म्हणू नये. घरून पैसे येत नाहीत म्हणून संध्याकाळी काम करणाऱ्या मुलालाही गटात येता यावं, यासाठी देखभालीच्या पाळ्यांना थोडं मानधन द्यावं, असंही मी म्हणेन. नाहीतर स्वयंसेवा ही फावला वेळ परवडणाऱ्यांचीच होते, आणि वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना वगळून चालवलेल्या गटाला मी या मातीतला म्हणणार नाही.

महाविद्यालयाकडून लागतं ते थोडं आहे: कुलूप असलेली खोली, दोन जुनी यंत्रं, न बदलणारा इंटरनेट पत्ता, यूपीएसच्या बॅटरीला दर दोन-तीन वर्षांनी पैसे, आणि पुढे येऊन सूत्रं हातात न घेणारा एक शिक्षक. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. सर्व्हर पडल्यावर शिक्षकाला तो दहा मिनिटांत उभा करता येत असेल आणि मुलांना तीन तास लागणार असतील, तर त्याने ते तीन तास जवळ बसून राहावं. मुख्य पासवर्ड पाकिटात सीलबंद करून त्याच्याकडे असावा, आणि गटातलं कुणीही हाताशी नसेल तेव्हाच ते पाकीट उघडावं. वर्षातून एकदा, हिवाळी परीक्षा संपल्यावर, गटाने प्रत्येक सेवेपुढे दोन नावं लिहावीत. ज्या सेवेपुढे दुसरं नाव लिहिता येत नाही ती पुढच्या सत्रात बंद करावी, वापरणाऱ्यांना महिनाभर आधी कळवावं आणि तिच्यातली माहिती त्यांना परत न्यायला द्यावी.