डायरेक्ट

जुलैतल्या एका बुधवारी संध्याकाळी पप्पांचा फोन आला. "अगं, गाडी फसली होती चिखलात. ढकलून काढली, पण आता चालूच होईना. उद्या येतेस का?"

पप्पा चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून माळीकाम करतात. गाडी म्हणजे बसून चालवायचा लॉन मोव्हर. दिसायला छोटा ट्रॅक्टर, पोटाखाली लोखंडी डेक आणि त्यात गरागरा फिरणारी पाती. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलाय, म्हणून फोन मला. शुक्रवारी कंपनीत बाहेरचे पाहुणे येणार होते. लॉन तयार नसेल तर दुसरा माणूस बघतो, असं ठेकेदाराने पप्पांना आधीच ऐकवलं होतं.

गुरुवारी सकाळी दिघीहून निघालो. मॅगझीन चौक, भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. बाईकवर मागे बसलेले पप्पा सांगत होते, "महिनाभर अशीच करतेय. जरा खड्डा आला की मरते. काल उतारावर गटाराकडे चाक घसरलं, मी एका बाजूला कललो, तेवढ्यात बंद पडली. ती पडलीच."

कंपनीला सुट्टी होती. गेटवर पास केला आणि शेडमध्ये गेलो.

मी सीटवर बसायच्या आत पप्पांनी किल्ली फिरवून दाखवली. टिक्‌ असा आवाजसुद्धा नाही. हे महत्त्वाचं असतं. सेल्फ मारल्यावर टिकटिक येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. अजिबात आवाज नाही, म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये.

आधी किल्ली काढून खिशात टाकली आणि प्लगची कॅप उपसली. पात्याजवळ हात घालायचा तर एवढं करायचंच. डेकखाली ओल्या गवताचा लगदा घट्ट बसला होता, तो काठीने खरवडून काढला. पातं मोकळं झालं. मल्टिमीटर लावला तर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. फ्यूजही चांगला.

मग राहिले तीन स्विच. या गाडीत ब्रेक दाबलेला हवा, पातं बंद हवं आणि सीटवर माणूस बसलेला हवा. तिन्ही जुळले तरच सेल्फ फिरतो. ब्रेकचा स्विच ठीक होता, पात्याचाही ठीक. सीटखालच्या स्विचला मीटर लावून पप्पांना बसायला सांगितलं. मीटर गप्प. मी बसले. मीटर वाजला.

खात्री करायला म्हणून, पातं बंद ठेवून, मी सीटच्या स्विचचा कनेक्टर काढला आणि दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. कॅप लावली, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू.

सुपरवायझर आवाज ऐकून आलेच. "झालं ना! राहू दे तसंच डायरेक्ट. उद्याचं काम भागेल."

खरं सांगते, मी राहू देणार होते. पप्पांची नोकरी त्या वायरच्या तुकड्यावर होती.

पप्पा म्हणाले, "काढ ती वायर. तुझ्या काकानं पण साहेबाचंच ऐकलं होतं."

काकांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे कुठलाच हात डायखाली राहत नाही. तासाला जास्त पीस निघावेत म्हणून तिथलं एक बटण डायरेक्ट केलेलं होतं. यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा हवा, असं १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं होतं. आमच्या पट्ट्यात 'डायरेक्ट' हा शब्द मात्र कलमापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे.

गवत कापायचं यंत्रही मुळात कारखान्यातूनच आलंय. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पहिला मोव्हर बनवला, तो कापड गिरणीत लोकरीची लव छाटणारं यंत्र बघून. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत ढकलत चालवायच्या मोव्हरसाठी नियम आला, की दांडीवरचा हात सुटला की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. सीटखालचा स्विचही त्यासाठीच. उतारावर पप्पा पडले असते आणि वायर जोडलेली असती, तर पातं फिरतच राहिलं असतं. बुधवारी गाडी बिघडली नव्हती. बंद पडून तिने तिचं काम केलं होतं.

वायर काढली, कनेक्टर परत लावला. सीटखाली दोन स्प्रिंग होत्या. पप्पांच्या आधीचा ड्रायव्हर चांगला धिप्पाड होता, त्याच्या हिशोबाने नट आवळलेले. वर चिखल वाळून बसलेला. सगळं साफ केलं, नट थोडे थोडे सैल करत गेले. चौथ्या वेळी पप्पा बसले आणि स्विच दबला.

सपाट जागेवर गाडी चालू करून पातं जोडलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून पप्पांना सीटवरून जरासं उठायला सांगितलं. इंजिन फट्‌कन बंद.

सुपरवायझर वैतागले. "परत बंद पडली?"

"नाही सर. आता नीट झाली."

लॉन संध्याकाळपर्यंत झालं. घरी येताना मी पप्पांच्या बेल्टकडे बघितलं. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. आधीच्या ड्रायव्हरचं सोडा, वर्षभरापूर्वीचे पप्पाही त्या सीटवर दबले असते. मेडिकलबाहेरच्या काट्यावर उभं केलं, तर ५१ किलो. शनिवारी महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. शुगर खूप वाढलेली निघाली. घरात आम्ही चौघं, रोज एका ताटाशी बसणारे, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आता गोळ्या चालू आहेत, वजन थोडं सावरतंय. गाडी अजूनही एखाद्या मोठ्या खड्ड्यात मरते. तेव्हा पप्पा पातं बंद करतात, मागे सरकून नीट बसतात, ब्रेक दाबतात आणि पुन्हा किल्ली फिरवतात.